वऱ्हाड शोधले तर अर्ध्याच नोंदी सापडतात: पापणीसारख्या 'र'ची साठवण नेमकी कशी करावी?

धरमपेठकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

नागपुरातील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथसूचीचे काम आम्ही चौघे गेल्या वर्षभरापासून सवडीने करीत आहोत. जुन्या नोंदवह्यांतील पुस्तके, स्मरणिका आणि अहवाल यांची माहिती एका तक्त्यात उतरवून घ्यायची आणि ती वाचकांना संगणकावर शोधता यावी अशी सोय करायची, एवढेच हे काम आहे. तक्ता आता साडेचार हजार ओळींच्या पुढे गेला आहे. मागच्या आठवड्यात एका अभ्यासक ताईंनी 'वऱ्हाड' या शब्दाने शोध घेतला, तेव्हा केवळ चाळीसेक नोंदी समोर आल्या. मला हे खरे वाटेना. नागपूर ज्या प्रांताची राजधानी होती त्याचे नावच १९३६ पासून 'मध्य प्रांत व वऱ्हाड' असे होते, आणि त्या काळातील अहवालांनी आमचे एक अख्खे कपाट भरलेले आहे.

मी ओळी एकेक करून पाहू लागलो, तेव्हा अनेक ठिकाणी 'वऱ्हाड' हा शब्द डोळ्यांना अगदी स्वच्छ दिसत होता, परंतु संगणकाला तो सापडत नव्हता. एका ओळीतला शब्द उचलून शोधाच्या चौकटीत डकवला की काही ओळी सापडतात, दुसऱ्या ओळीतला उचलून डकवला की वेगळ्याच ओळी सापडतात. 'शेतकऱ्यांचे', 'कर्मचाऱ्यांची', 'पऱ्हाटी' या शब्दांचीही तीच गत आहे. 'विदर्भ' मात्र शोधला की एकूण एक नोंद मिळते. वऱ्हाड हा विदर्भाचाच भाग, दोन्ही नावांत 'र' जोडलेला, मग एक नाव सापडते आणि दुसरे का सापडत नाही?

आम्हा चौघांच्या टंकनाच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत, आणि काही मजकूर पूर्वी कोणीतरी जुन्या फाँटमध्ये टंकलेला होता, तो रूपांतरित करून घेतला आहे. सारे पुन्हा टंकण्याची वेळ येऊ नये, एवढीच इच्छा आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

बिंदुसंकेत

नमस्कार धरमपेठकर सर,

आपले निरीक्षण अचूक आहे, आणि उत्तरही आपण दिलेल्या दोन शब्दांतच आहे. 'विदर्भ' या शब्दातला र हा नेहमीचा रफार आहे, जो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. 'वऱ्हाड' यातला र पापणीसारखा आडवा असून तो पुढच्या अक्षराच्या डाव्या अंगाला बसतो. छापील कागदावर या दोन निरनिराळ्या आकृती आहेत. संगणकाच्या साठवणीत मात्र आकृती नसतेच.

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारे मानक. त्यात देवनागरीसाठी षोडशमान (सोळाच्या आधाराच्या) मोजणीत ०९०० ते ०९७एफ असे १२८ क्रमांक राखलेले आहेत. त्यांत क, ख, ग आहेत, काना, मात्रा, वेलांटी आहेत आणि पाय मोडण्याचे चिन्ह आहे, ज्याचा क्रमांक ०९४डी आहे. जोडाक्षरांना मात्र स्वतंत्र क्रमांक नाहीत. 'क्ष' साठवताना क, मग पाय मोडण्याचे चिन्ह, मग ष असे तीन क्रमांक साठवले जातात आणि ते एकत्र आले की कोणती आकृती काढायची हे फाँट ठरवतो. रोमन लिपीत एफ आणि आय यांच्या जोडणीला जुन्या संचांशी सुसंगती राखण्यासाठी एफबी०१ हा स्वतंत्र क्रमांक मिळाला आहे. आपल्याकडे ती वाट घेतली गेली नाही, आणि माझ्या मते ते योग्यच झाले, कारण जोडाक्षरे मोजून संपत नाहीत.

आता र पाहू. र, पायमोड आणि भ असा क्रम आला की रफार काढायचा, हा नियम निर्विवाद आहे. म्हणून 'विदर्भ' साठवण्याची एकच रीत आहे: व, वेलांटी, द, र, पायमोड, भ. सहा क्रमांक, आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक क्रमांकाला तीन बाइट लागतात म्हणून अठरा बाइट. परंतु र, पायमोड आणि ह असा क्रम दिला तर तेथेही रफारच निघेल आणि 'वर्हाड' असे दिसेल. मराठीला हवा असलेला आडवा र मिळवण्यासाठी काहीतरी वेगळे साठवावेच लागते, आणि ते 'काहीतरी' काय असावे याची दोन उत्तरे प्रचारात आली.

पहिले उत्तर असे, की र आणि पायमोड यांच्यानंतर शून्य रुंदीचा सांधक ठेवायचा, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात आणि ज्याचा क्रमांक २००डी आहे. तो स्वतः दिसत नाही. आधीच्या व्यंजनाचे अर्धे रूप दाखवावे एवढीच सूचना तो देतो. ही रीत युनिकोडच्या १९९६ सालच्या दुसऱ्या आवृत्तीतली आहे. दुसरे उत्तर असे, की र च्या जागी ०९३१ क्रमांकाचा नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, 'ऱ' घ्यायचा आणि त्याला पायमोड लावायची. त्याचे अर्धे रूप म्हणजेच तो आडवा र. आजच्या मानकात ऱ चा नियम मुख्य आहे आणि सांधकाचा नियम दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून सांभाळलेला आहे. दोन्ही रीती वैध असल्यामुळे फाँट दोन्हींना एकच आकृती देतो. आपल्या तक्त्यातील 'वऱ्हाड' सहा क्रमांकांचा आहे आणि 'वर्‍हाड' सात क्रमांकांचा. आपल्याला ते एकसारखे दिसतात, पण शोधणारी आज्ञावली क्रमांकाशी क्रमांक ताडून पाहते, म्हणून तिच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत.

यात तिसरा प्रकारही मिसळलेला असू शकतो. काही कळफलक ऱ हा एक क्रमांक न देता साधा र आणि ०९३सी क्रमांकाचा नुक्ता असे दोन देतात. हा प्रकार तितकासा त्रासदायक नाही, कारण युनिकोडने या दोन लेखनांना समतुल्य मानले आहे आणि एनएफसी हे प्रमाणीकरण चालवले की र व नुक्ता मिळून ऱ होतो. सांधकाची रीत मात्र कोणत्याही प्रमाणीकरणाने बदलत नाही. ती आपल्यालाच बदलावी लागेल.

कोणत्या ओळीत काय आहे हे पाहायचे असेल तर लिब्रेऑफिसच्या रायटर या लेखनाच्या आज्ञावलीत तो शब्द डकवावा, संशयित अक्षराच्या पुढे कर्सर ठेवावा आणि ऑल्ट व एक्स या कळा एकत्र दाबाव्यात. अक्षराच्या जागी त्याचा क्रमांक दिसेल. पुन्हा त्याच कळा दाबल्या की अक्षर परत येते.

महालचा जुळारी

बिंदुसंकेत यांनी संगणकाची बाजू सांगितली, मी खिळ्यांची, म्हणजे छापखान्यातल्या धातूच्या अक्षरांची, सांगतो. माझ्या वडिलांचा नागपूरच्या महाल भागात लहानसा छापखाना होता आणि शाळेतून आल्यावर मी केसपाशी, म्हणजे खिळ्यांच्या घरे असलेल्या पेटीपाशी, उभा राहून खिळे जुळवीत असे. आमच्याकडे हा आडवा र वेगळ्या घरात असे. 'वऱ्हाड' जुळवताना व नंतर तो आडवा खिळा उचलायचा, मग ह. 'विदर्भ' जुळवताना रफार असलेला भ शोधायचा. म्हणजे जुळाऱ्याच्या हाताला या दोन 'र'मधला फरक पक्का ठाऊक होता, आणि त्यात दुमताला जागाच नव्हती. घर चुकले तर पहिल्याच मुद्रितात ते दिसत असे.

जुन्या फाँटमधून रूपांतर केल्याचे आपण लिहिले आहे, त्यावरून एक सांगावेसे वाटते. ते फाँट मनाने खिळ्यांच्याच जगातले होते. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपल्या अक्षरांचे तुकडे बसवलेले असत आणि ते डोळ्यांना दिसतील त्याच क्रमाने टंकायचे असत. 'कि' लिहायचा तर वेलांटी आधी आणि क नंतर. 'वर्षा' लिहायचा तर रफार ष च्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो: वेलांटी क च्या नंतर येते, आणि रफार ष च्या डोक्यावर दिसत असला तरी र ष च्या आधी साठवला जातो. त्यामुळे रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला अक्षरांची अदलाबदल करावी लागते, आणि आडव्या र चा तुकडा समोर आला की ती तिच्या कर्त्याला जी रीत ठाऊक असेल ती वापरते. मी पाहिलेल्या रूपांतरांत बहुतेक वेळा सांधकच निघाला आहे. आपण स्वतः टंकलेल्या ओळी आणि रूपांतरित ओळी वेगळ्या काढून पाहिल्यात तर दोष कोठे एकवटला आहे ते लगेच कळेल.

वृत्तविचार

माझा एक मूलभूत आक्षेप आहे. मराठी वर्णमालेत 'ऱ' नावाचा वर्ण नाही. 'शेतकरी' या शब्दात साधा र आहे. त्याचे सामान्यरूप होताना ई जाऊन या येतो आणि 'शेतकऱ्या' होते, तेव्हा तेथे र हाच पायमोडका होऊन य ला मिळतो. मग साठवताना एक परका, नुक्त्याचा वर्ण तेथे का घालायचा? युनिकोडच्या तक्त्यातही ०९३१ समोर द्राविडी भाषांतील एका विशिष्ट र चे लिप्यंतर करण्यासाठी, अशी टीप आहे. व्याकरणाच्या दृष्टीने सांधकाची रीतच खरी आहे, कारण तिच्यात मूळ र शाबूत राहतो. नेपाळीत 'गर्‍यो' असे लिहितात, तेथेही सांधकच वापरतात.

आडव्या र चे महत्त्व मात्र मला पूर्ण मान्य आहे, आणि ते दिसण्यापुरते नाही. 'दर्या' म्हणताना द वर आघात येतो आणि तो गुरू होतो, 'दऱ्या' म्हणताना द लघूच राहतो. 'आचार्यास' दक्षिणा देतात आणि 'आचाऱ्यास' पुऱ्यांचे पीठ देतात. वृत्तात लिहिणाऱ्या कवीला येथे चूक परवडत नाही.

बिंदुसंकेत

वृत्तविचार सर, आपला व्याकरणाचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. साठवणीचा क्रमांक म्हणजे वर्णाच्या व्युत्पत्तीचा दाखला नव्हे. आपण उद्धृत केलेल्या त्याच तक्त्यात ०९३१ समोर आणखी एक ओळ आहे: याचे अर्धे रूप म्हणजे पापणीसारखा र. म्हणजे हा क्रमांक मराठीच्या कामासाठीही नेमलेला आहे.

मला सांधकाची भीती वाटते ती वेगळ्या कारणाने. तो दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते काढून टाकण्याची सवय अनेक आज्ञावल्यांना असते. संकेतस्थळांवरचे अर्ज, माहिती स्वच्छ करणारी साधने, एका प्रणालीतून दुसरीत मजकूर नेणारे दुवे यांपैकी कोणीही 'अदृश्य चिन्हे गाळा' असे ठरवले की सांधक जातो, आणि मागे उरतो तो नेहमीचा रफार. म्हणजे आपण दिलेल्या उदाहरणातल्या आचाऱ्याचा कोणालाही न कळता आचार्य होतो. देवनागरीतील संकेतस्थळांच्या पत्त्यांच्या २००३ च्या नियमांत तर सांधक सरळ गाळलाच जात असे, पुढे २००८ च्या नियमांत पायमोडीनंतर त्याला परवानगी मिळाली. ऱ मात्र दिसणारे अक्षर आहे, त्यामुळे त्याला या चाळणीतून गळण्याचे भय नाही. जो फरक अर्थ बदलतो, तो अदृश्य चिन्हाच्या भरवशावर सोडू नये, असे माझे ठाम मत आहे.

याच्या उलट उदाहरण म्हणजे आपला ल आणि श. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची रूपे सांगितली आहेत. हिंदी वळणाच्या फाँटमध्ये ती वेगळी दिसतात आणि ते डोळ्यांना खटकते, पण साठवलेला क्रमांक दोन्हीकडे एकच असतो. मजकुराची भाषा मराठी आहे असे नोंदवले आणि फाँटमध्ये सोय असली की योग्य रूप आपोआप येते. तेथे शोध बिघडत नाही, कारण 'लाडू' कोणत्याही ल ने लिहिला तरी लाडूच राहतो. आडव्या र चे तसे नाही.

धरमपेठकर सर, आता प्रत्यक्ष उपाय. आधी तक्त्याची प्रत काढून ठेवावी. मग पूर्ण तक्त्यावर एनएफसी चालवावे, म्हणजे नुक्ता सुटा असलेल्या नोंदी एकत्र येतील. त्यानंतर र, पायमोड आणि सांधक हा तिन्हींचा क्रम जेथे असेल तेथे ऱ आणि पायमोड घालावी. लिब्रेऑफिसच्या 'शोधा आणि बदला' चौकटीत रेग्युलर एक्स्प्रेशनचा पर्याय निवडला, की सांधकासाठी उलटी तिरपी रेघ, लहान यू आणि २००डी असे लिहिता येते. तेथील आकडे आणि डी मात्र इंग्रजी कळफलकावरूनच टंकावेत. काही ठिकाणी ऱ, पायमोड आणि वर पुन्हा सांधक असाही प्रकार सापडेल, तेथे सांधक तेवढा काढावा. सगळे सांधक सरसकट काढू नयेत. कोणी 'क्‍ष' असा सुटा दाखवण्यासाठी तो मुद्दाम घातलेला असू शकतो, आणि त्या जागी तो योग्य आहे.

पुढच्या टंकनासाठी चौघांनी एकच रीत ठरवावी. इनस्क्रिप्ट या प्रमाण कळफलकात र ज्या कळेवर आहे, ती शिफ्टसह दाबली की ऱ मिळतो.

सूचीकार

ग्रंथालयाच्या कामाचा थोडा अनुभव आहे म्हणून दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट अशी, की र एवढाच दोषी नाही. 'ॲ' या अक्षराला युनिकोडने २००८ साली, ५.१ या आवृत्तीत, ०९७२ हा स्वतंत्र क्रमांक दिला. त्यापूर्वी लोक अ लिहून त्यावर ०९४५ ची अर्धचंद्राची खूण देत, आणि आजही कित्येक जण देतात. ही दोन लेखने समतुल्य मानलेली नाहीत, त्यामुळे एनएफसी चालवूनही ती एक होणार नाहीत. 'ॲडव्होकेट' शोधून पाहा. तसेच 'बँक' हा शब्द कोणी चंद्रबिंदूने लिहितो, तर कोणी अर्धचंद्र आणि अनुस्वार अशी दोन चिन्हे वापरून लिहितो. छापल्यावर ती दोन्ही लेखने जवळपास सारखीच दिसतात.

दुसरी गोष्ट क्रमाची. आपली सूची अकारविल्हे लावणार असाल तर मराठीत ह नंतर ळ, क्ष, ज्ञ येतात. युनिकोडच्या क्रमांकांनुसार मात्र ळ हा ल च्या लगेच पुढे आहे आणि क्ष आपोआप क मध्ये जाऊन बसतो. क्रमवारी लावताना मराठी भाषा निवडावी. सीएलडीआर या भाषाविषयक संग्रहात मराठीचे क्रमनियम आहेत, आणि ते वापरणारी प्रणाली असेल तर क्ष ची पुस्तके शेवटी येतील.

बिंदुसंकेत यांच्या उपायाला मी एक मर्यादा घालू इच्छितो. शीर्षकाच्या रकान्यात फक्त साठवणीची रीत बदलावी, शब्दलेखन कधीही बदलू नये. शोधासाठी एक वेगळा, वाचकाला न दिसणारा रकाना करावा. त्यात हवे तर रफार आणि आडवा र दोन्ही एक समजावेत, म्हणजे ज्या वाचकाला आडवा र टंकता येत नाही त्याने 'वर्हाड' लिहिले तरी त्याला पुस्तक मिळेल. त्यामुळे 'दर्या' शोधणाऱ्यास काही 'दऱ्या'ही दिसतील. शोधात एवढी सैल गाठ चालते, मूळ नोंदीत चालत नाही.

धरमपेठकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रविवारी आम्ही चौघे बसलो आणि सांगितल्याप्रमाणे प्रत काढून काम केले. जुळारी काकांचा अंदाज बरोबर ठरला. रूपांतरित केलेल्या जवळजवळ सगळ्या ओळींत सांधक होता, आणि आमच्यापैकी एका सदस्याच्या भ्रमणध्वनीच्या कळफलकातूनही तोच आला होता. बदल केल्यावर 'वऱ्हाड' या शब्दाच्या दोनशे सत्तावीस नोंदी मिळाल्या. ताईंना दूरध्वनी करून कळवले, त्या उद्या येणार आहेत. 'ॲ' आणि 'बँक' यांचे काम पुढच्या रविवारी करू. शोधाचा वेगळा रकाना आजच सुरू केला.

आता सतरा नोंदी अशा उरल्या आहेत, ज्यांत साध्या रफाराने 'वर्हाड' असेच लिहिलेले आहे. त्यांतल्या चौदा नोंदींमध्ये सांधक कोठेतरी गळला असावा, कारण नोंदवहीत शाईने आडवा र स्पष्ट लिहिलेला आहे. त्या आम्ही दुरुस्त केल्या. तीन पुस्तके मात्र कपाटातून काढून पाहिली, तर मुखपृष्ठावर खरोखरच रफार छापलेला आहे. ती तशीच ठेवावीत काय?

महालचा जुळारी

तशीच ठेवावीत. त्या छापखान्यात आडवा खिळा नसेल किंवा त्या दिवशी संपला असेल, तर जुळाऱ्याने हाताशी होता तो रफाराचा ह बसवला असेल. आमच्याकडेही लग्नसराईत पत्रिकांमुळे तो खिळा फार लागे. सूचीकारांनी सुचवलेल्या शोधाच्या रकान्यात 'वऱ्हाड' घाला आणि शेऱ्यात 'मुद्रित रूप' असे लिहा. जमल्यास त्या तीन पुस्तकांवरील मुद्रणालयाचे नाव आणि साल मला कळवा, मला ते पाहायचे आहे.